ज्या प्लेअरवरून अजून भांडण होतं, त्याची आठवण कशी काढायची

चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी माणसं जमली की इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) आपल्या फुटबॉल क्लबचा, एफसी गोव्याचा, विषय निघतोच, आणि मग कुणीतरी आपला जुना गोलकीपर कट्टीमणीचं नाव घेतं की लगेच आवाज चढतात. वाद थांबवू नका, वाद हवाच, पण नीट घातला तर त्या प्लेअरला न्याय मिळतो आणि तेव्हा लहान असलेल्या पोरांनाही काहीतरी कळतं.

एका बैठकीला एकच नाव घ्या. आणि नाव असं घ्या की त्याच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही समोर बसलेले असतील. आपला जुना स्ट्रायकर कोरो इथे कामाचा नाही, सलग दोन सीझन लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करून गोल्डन बूट घेतलेल्या माणसावर कोण काय भांडणार.

मग मॅच लावा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण डोक्यात राहिलेली मॅच आणि झालेली मॅच यात फार फरक पडतो. 2015 ची आयएसएल फायनल घ्या, 20 डिसेंबर, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. कुणालाही विचारा, सांगतील की कट्टीमणीच्या ओन गोलमुळे (स्वतःच्याच गोलमध्ये गेलेल्या बॉलमुळे) चेन्नईयिनकडून हरलो. पण 87 व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने आपण 2-1 झालो, 90 व्या मिनिटाला तो ओन गोल झाला तेव्हा स्कोअर 2-2 झाला होता, हरलो नव्हतो, हरलो ते त्यानंतर इंज्युरी टाईममध्ये त्यांच्या मेंडोझाने मारलेल्या गोलवर. तो तिसरा गोल थांबवून थांबवून बघा, बॉल कुठे सुटला, कोण कुठे उभा होता, आणि मग ठरवा सगळा राग एकट्या कीपरवर काढायचा का.

आणि मॅच संपली म्हणून प्लेअर संपत नाही, पुढचंही जोडायचं. 20 मार्च 2022, तेच फातोर्डा, परत फायनल, समोर केरळा ब्लास्टर्स, आणि शूटआऊटमध्ये तीन जणांच्या पेनल्टी अडवून हैदराबादला कप देणारा कीपर हाच कट्टीमणी. माझं तर स्पष्ट मत आहे, जो 2015 सांगतो आणि 2022 सांगत नाही त्याने त्याची आठवण काढलीच नाही.

क्लब सोडून गेलेल्यांचं प्रकरण वेगळं, तिथे घटनांचा क्रम कागदावर लिहायचा. मंदार राव देसाई आपला गोंयकार, 2014 पासून आपल्याकडे, आणि 2020 ला मुंबई सिटीला गेला म्हणून अजून लोक तोंड वाकडं करतात. पण क्रम बघा: 2020 च्या सुरुवातीला क्लबनेच कोच लोबेराला काढलं, त्याच सीझनला आपण लीगमध्ये पहिले येऊन शील्ड जिंकली, मग लोबेरा मुंबईला गेला आणि बूमू, जाहू, फॉल, मंदार हे आपले प्लेअर पण तिकडेच गेले. पुढच्या मार्चला त्याच मुंबईने सेमीफायनलला शूटआऊटमध्ये आपल्याला बाहेर काढलं, ते दुखतं, मलाही दुखतं, पण दुखणं मंदारच्या नावावर किती आणि क्लबच्या निर्णयावर किती हे वेगळं मांडल्याशिवाय बोलूच नका.

जाहूसारख्या मिडफिल्डरसाठी बाजू बदलून बोलायला लावा. ज्याला तो आवडत नाही त्याने आधी त्याच्या लांब पासांबद्दल बोलायचं, मागे उभं राहून पलीकडच्या विंगला पायावर बॉल टाकायचा तो, आणि ज्याला आवडतो त्याने त्याच्या कार्डांबद्दल. 2019 ची फायनल, एक्स्ट्रा टाईममध्ये त्याला रेड कार्ड, दहा जणांनी खेळलो आणि 117 व्या मिनिटाला बेंगळुरूच्या भेकेने हेडर मारून गोल केला. आवडणाऱ्याच्या तोंडून हे आलं की समोरचा आपोआप ऐकून घेतो, ओरडायची गरजच राहत नाही.

प्लेअरच्या घरच्यांना, आईबाबांना, पेनल्टी चुकवणाऱ्याच्या जातीधर्माला मध्ये आणणारा कुणी असेल तर त्याला तिथेच गप्प करा, वयाने कितीही मोठा असला तरी.

एक काम राहतं. घरात धेंपो, साळगावकर, चर्चिल या गोव्यातल्या जुन्या क्लबांच्या काळात मैदानावर जाणारे काका-मामा असतील तर त्यांनाही बसवा, त्यांच्याकडे अशी नावं ढिगाने आहेत आणि त्या मॅचेसचे व्हिडिओ बहुतेक मिळत नाहीत. मोबाईलवर रेकॉर्ड करा, मधे मधे तोडू नका, फक्त मॅच कुठली, साल कुठलं आणि ते कुठल्या बाजूला बसले होते एवढं विचारा, कारण गोलच्या मागे बसलेल्याला आणि साईडला बसलेल्याला एकच फाऊल वेगळा दिसतो. रेकॉर्डिंगला प्लेअरचं नाव आणि साल देऊन फॅमिली ग्रुपवर टाका, आणि ज्याला पटत नसेल त्याने त्याच्याखाली स्वतःचा व्हॉईस मेसेज टाकायचा.