ऑर्किडचे ऊतिसंवर्धन: हार्डनिंगपूर्वी दिव्यांच्या रंगाकडे लक्ष द्या

पावसाळा ओसरल्यावर ज्यांना ऊतिसंवर्धनाने, म्हणजे ऊतीच्या तुकड्यांपासून बाटलीत वाढवलेली ऑर्किडची रोपे बाटलीबाहेर काढून बाहेरच्या हवेला सरावायची (हार्डनिंग) आहेत, त्यांनी कल्चर रूममधील, म्हणजे बाटल्या ठेवण्याच्या खोलीतील दिवे आताच तपासावेत. कारण अखेरच्या काही आठवड्यांत रोपाला कोणत्या रंगाचा प्रकाश मिळाला, यावर ते बाहेर तग धरेल की नाही हे बऱ्याच अंशी ठरते.

सुमारे ६६० नॅनोमीटरच्या केवळ लाल प्रकाशात रोपे भराभर उंच होतात, पण बहुधा त्यांची पाने लांबट, पातळ आणि फिकट राहतात. अशा उंचीवर समाधान मानू नये. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश वाढ आटोपशीर ठेवतो आणि हरितद्रव्याच्या निर्मितीला व पर्णरंध्रांच्या कार्याला चालना देतो. म्हणून मुळे धरू लागलेल्या बाटल्यांना लाल व निळा दोन्ही घटक पुरेसे असलेला पांढरा एलईडी प्रकाश द्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात पानांचा खरा रंगही दिसतो आणि पिवळेपणा किंवा बुरशी वेळीच लक्षात येते. लाल-निळ्या दिव्यांच्या जांभळ्या उजेडात हेच दोष सहज नजरेतून सुटतात.

गुणनाच्या, म्हणजे एका रोपापासून अनेक रोपे तयार करण्याच्या अवस्थेत मात्र एकच प्रमाण सर्वांना लागू पडत नाही. डेंड्रोबियम ऑर्किडला मानवलेले लाल-निळ्याचे मिश्रण फॅलेनॉप्सिस ऑर्किडला मानवेलच असे नाही, त्यामुळे प्रत्येक जातीच्या थोड्या बाटल्या आधीच्याच दिव्यांखाली ठेवून फरक पाहावा आणि मगच सगळे रॅक बदलावेत. नव्याने लावलेले तुकडे काळे पडत असतील, तर त्यांना सुरुवातीचे काही दिवस अंधारात ठेवावे.

मोजमापासाठी लक्समीटरवर विसंबू नये. तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला अधिक दाद देतो, त्यामुळे लाल-निळ्या दिव्यांखाली त्याचा आकडा फसवा ठरतो. शक्यतो पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे उपकरण) वापरावा. रोपे ज्यात वाढतात ते तयार पोषक माध्यमही उजेडात साठवू नये, कारण निळ्या व अतिनील किरणांनी त्यातील चिलेटयुक्त लोहाचे (सेंद्रिय रेणूशी बांधून विरघळलेले ठेवलेल्या लोहाचे) विघटन होते.

बाहेर काढलेली रोपे, माध्यमाचा चिकटा मुळांवरून पूर्ण धुऊन, आधी दाट सावलीत व भरपूर आर्द्रतेत ठेवावीत आणि नवे मूळ दिसू लागल्यावरच उजेड टप्प्याटप्प्याने वाढवावा.