उन्हाळी सुट्टीत जंगलात काम: इंटर्नशिपची तयारी आणि प्लॉट मोजण्याची पद्धत

वनसंवर्धनाच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये हातात साधारण सहा ते दहा आठवडे असतात. तेवढ्या काळात बहुतेक झाडं फार तर काही मिलीमीटर जाड होतात. म्हणजे एका सुट्टीत ‘जंगलात काय बदल झाला’ हे सांगता येत नाही, आज इथे काय आहे एवढंच नोंदवता येतं. ती नोंद कामाची ठरते ती पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी त्याच झाडाला, त्याच उंचीवर टेप लावली तर. कामाची निवड, मोजणी आणि शेवटची फाइल, सगळं ह्याच हिशोबाने करायचं.

अर्ज आणि परवानगी

उन्हाळ्यातल्या जागांची निवड चार-पाच महिने आधीच सुरू होते. ‘मला निसर्गाची आवड आहे’ हे प्रत्येक अर्जात असतं, त्यावरून निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा चढावर ओझं घेऊन रोज किती चालता येतं, होकायंत्र वापरता येतं का, किती झाडं नुसत्या पानांवरून ओळखता, क्यूजीआयएस या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये नकाशा करता येतो का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, हे लिहा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात हेही लिहा. ते बरेच जण विसरतात.

उलट प्रश्न विचारायला संकोच नको. जंगलात सोबत कोण असेल? रेंज नसेल तिथे संपर्क कसा करायचा? विमा आहे का? गोळा केलेली माहिती पुढे कोण वापरणार? शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर बहुधा तुमच्या वाट्याला फोटो काढणं आणि फाइली लावणं येणार.

संरक्षित क्षेत्रात शिरण्याची परवानगी मिळाली म्हणजे पान, बी किंवा माती उचलण्याची मिळाली असं धरू नका. नमुन्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी लेखी परवानगी लागते आणि तिला महिने जातात. संस्थेच्या चालू परवानगीत तुमचं नाव घालता येतं का, हे आधी विचारून घ्या.

पहिला आठवडा

उन्हाची सवय अंगाला हळूहळू लागते. नवख्याने पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण दिवसाच्या २० टक्केच करावं आणि रोज आणखी २० टक्के वाढवावं. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, तर ‘थोडं सावलीत बस’ म्हणून भागत नाही. तो उष्माघात असू शकतो; अंगावर भरपूर गार पाणी ओतायला लागा आणि त्याच वेळी मदत बोलवा. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे आणि कानामागे गोचीड शोधा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, जाळू नका.

प्लॉट आखणं

प्लॉट म्हणजे मोजणीसाठी आखलेला जंगलाचा ठराविक तुकडा. गोल प्लॉट दोन माणसांना एका टेपवर आखता येतो. १७.८४ मीटर त्रिज्येचा गोल म्हणजे १,००० चौरस मीटर, ११.२८ मीटरचा म्हणजे ४००. केंद्रात लोखंडी सळई ठोका आणि उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने झाडांना क्रमांक देत जा. सीमेवरच्या झाडाचा बुंध्याशी असलेला मध्य गोलाच्या आत पडला तर झाड घ्यायचं, नाहीतर सोडायचं. ‘मोठं आहे, घेऊन टाकू’ असं चालत नाही.

उतारावर हमखास फसायला होतं. त्रिज्या आडवी मोजायची असते, जमिनीला चिकटून नाही. २० अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत धरली तर सरळ चढाच्या दिशेने १७.८४ ऐवजी १८.९८ मीटर जायला हवं. ही दुरुस्ती केली नाही तर प्लॉटचं खरं क्षेत्र सुमारे सहा टक्के कमी भरतं, आणि हेक्टरी आकड्यात जंगल आहे त्यापेक्षा विरळ दिसतं.

जीपीएस झाडांच्या दाट छपराखाली पाच-दहा मीटर सहज चुकतं, म्हणून सळईशी काही मिनिटं थांबून सरासरी घ्या. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा आणि डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले ती पद्धत, डब्ल्यूजीएस ८४ आहे हेही लिहा. अंश-मिनिटांतून उतरवताना १५ मिनिटांचे .१५ लिहिले जातात, खरे .२५ हवेत. एवढ्याने अक्षांशात प्लॉट ११ किलोमीटर सरकतो. होकायंत्र वाचताना सळई आणि कोयता लांब ठेवा, आणि दिशा चुंबकीय उत्तरेपासून आहे की खऱ्या, ते फॉर्मवर लिहा.

झाड मोजणं

खोड छातीच्या उंचीवर मोजतात. बहुतेक देशांत ही उंची १.३ मीटर धरतात, अमेरिकेत साडेचार फूट म्हणजे १.३७. तुमच्या प्रकल्पाची कोणती ते विचारा आणि तेवढ्या लांबीची काठी तोडून सोबत ठेवा. छातीचा अंदाज माणसागणिक बदलतो, काठीचा बदलत नाही. उतारावर काठी वरच्या बाजूला टेकवायची. वेल असेल तर टेप वेलीखालून सरकवायची. १.३ मीटरच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर प्रत्येक फांटा वेगळा मोजायचा. तिथे गाठ किंवा आधारमुळं आली असतील तर वर सरकून मोजायचं आणि ती नवी उंची लिहायची. ती लिहिली नाही तर पुढच्या मोजणीत झाड उगाच जाड किंवा बारीक झालेलं दिसतं.

साध्या टेपने घेर मिळतो. व्यास हवा तर ३.१४१६ ने भागा. घेर ९४.२ सेंमी असेल तर व्यास ३० सेंमी. काही टेपांवर एका बाजूला घेर आणि दुसऱ्या बाजूला थेट व्यास छापलेला असतो, आणि दोघं जण वेगवेगळ्या बाजू वाचत राहतात. व्यासाच्या रकान्यात घेर पडला की खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ दहापट होतं, कारण चूक वर्गात जाते.

उंचीसाठी झाडापासून आडवं २० मीटर लांब उभे राहा. क्लिनोमीटरच्या (चढ-उताराचा कोन मोजायच्या साधनाच्या) टक्के पट्टीवर शेंड्याचं वाचन +६५ आणि बुंध्याचं −५ आलं, तर ७० टक्के गुणिले २० म्हणजे १४ मीटर. शेजारचीच पट्टी अंशांची असते. तीच टक्के समजून वाचली तर ३३ आणि ३ मिळून ७.२ मीटर निघतात, आणि अर्धं झाड कागदावरून गायब! झुकलेलं झाड झुकावाच्या काटकोनातून मोजा.

झाडाच्या क्रमांकाची पत्री मापाच्या जागेच्या ३० सेंमी वर, ॲल्युमिनियमच्या खिळ्याने लावा. खिळा पूर्ण ठोकू नका, दोन-तीन सेंमी बाहेर राहू द्या. नाहीतर वाढणारी साल पत्री गिळते. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी १’ लिहा आणि पानाच्या दोन्ही बाजू, पानांची मांडणी, साल यांचे फोटो घ्या. चुकीचं नाव पुढे दुरुस्त होत नाही, कारण ते चुकीचं आहे हे कुणालाच दिसत नाही.

पायवाट आणि तण

कुदळ-फावड्याचं कामही वाट्याला येतंच. दोन माणसांत तीन मीटर अंतर ठेवा आणि चालताना हत्यार उताराच्या बाजूच्या हातात धरा. पायवाटेचा खरा शत्रू पाणी. वाट दरीच्या बाजूला तीन ते पाच टक्के कललेली हवी आणि तिचा चढ शेजारच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर वाटेचाच ओहोळ होतो. पाणी वळवायचा आडवा दगड किंवा ओंडका वाटेला काटकोनात बसवला तर पाणी तिथे थबकतं, गाळ टाकतं आणि थोड्याच पावसात तो अडसर बुजतो. तो तिरपा, साधारण ४५ अंशांत बसवा.

घाणेरीसारखं तण वरून छाटलं तर बुंध्यातून दुपटीने फुटतं. जमिनीखाली तीन-पाच सेंमीवर मुळाचा गड्डा तोडून झुडूप उलटं टाका, फळं धरायच्या आधी. मोकळ्या जागेत पुढच्या पावसाळ्यात रोपं उगवणारच. ती उपटायला कोण येणार हे ठरलं नसेल तर तेवढा तुकडा यंदा हातात घेऊ नका. निघण्यापूर्वी बुटांच्या तळव्यातली माती झटका, त्यातून बिया फिरतात.

कागद

फॉर्म पेन्सिलीने भरा, पेनाची शाई ओली झाली की पसरते. काही सापडलं नाही तर शून्य, पाहिलंच नाही तर रेघ. रिकामा रकाना दोन्ही अर्थांनी वाचला जातो. रोज संध्याकाळी फॉर्मचा फोटो आणि त्याच दिवशी संगणकात भरणा. दहातला एक प्लॉट दुसऱ्या जोडीने, पहिले आकडे न पाहता परत मोजावा. दुर्मिळ झाड किंवा घरट्याचा फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातलं ठिकाण काढून टाका.

शेवटच्या आठवड्यात प्लॉटपर्यंत जायचं वर्णन लिहा: वाहन कुठे थांबतं, तिथून कोणत्या दिशेला किती मीटर, वाटेत न बदलणारी खूण कोणती. खूण म्हणून खडक चालतो, वाळलेलं झाड चालत नाही. मग त्या प्लॉटवर कधीच न गेलेल्या माणसाच्या हाती तो कागद द्या आणि त्याला एकट्याने शोधू द्या, तुम्ही मागे चाला पण बोलू नका. पंधरा मिनिटांत सळई सापडली नाही तर वर्णन परत लिहा.