इंग्रजी करार जर्मनमध्ये नेताना या चुका टाळा

‘मॅडम, टर्मिनेशनला जर्मनमध्ये काय म्हणतात?’ हा फोन मला सतत येतो. करणाऱ्याची जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा नुकतीच झालेली असते, चाकणच्या एखाद्या कारखान्याचा करार हातात पडलेला असतो आणि सोमवारी काम द्यायचं असतं. मी दर वेळी एकच सांगते: आधी ते कलम मला वाचून दाखव. टर्मिनेशनला जर्मनमध्ये निदान तीन शब्द आहेत आणि तिन्हींचे परिणाम वेगळे आहेत. ज्याला कलम न वाचता शब्द हवाय, त्याने कायद्याचं काम घेऊ नये.

क्युंडिगुंग म्हणजे चालू असलेलं नातं इथून पुढे थांबवणं. भाडं, नोकरी, वार्षिक देखभाल यांना हा शब्द लागतो. मागे जे दिलं-घेतलं ते तसंच राहतं. र्‍युकट्रिट म्हणजे व्यवहार उलटा फिरवणं. जर्मन नागरी कायद्याच्या, म्हणजे बीजीबीच्या, कलम 346 प्रमाणे दोघांनीही घेतलेलं परत करायचं: यंत्र तुमचं तुम्हाला, पैसे आमचे आम्हाला. आणि बेएन्डिगुंग म्हणजे करार संपणं, मग तो कुणी संपवलेला असो की मुदत भरून संपलेला.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचे कागद माझ्याकडे आले. जर्मनीतून यंत्र घेतलं होतं, तीस टक्के आगाऊ रक्कम दिली होती. करार मूळ इंग्रजीत, लागू कायदा जर्मन, आणि दोन्ही मसुद्यांत फरक पडला तर जर्मन मजकूर प्रमाण. चौदाव्या कलमात टर्मिनेशन अकरा वेळा होतं आणि भाषांतरकाराने अकराही ठिकाणी क्युंडिगुंग लिहिलं होतं. देखभालीच्या तीन महिन्यांच्या नोटिशीला ते बरोबर होतं. पण चाचणीत यंत्र नापास झालं तर ग्राहकाने ते परत करावं, तिथेही क्युंडिगुंगच! यंत्र नापास झालं, कारखान्याने आगाऊ रक्कम परत मागितली. समोरच्या वकिलाने एका वाक्यात उत्तर दिलं: तुमच्याच कागदावर क्युंडिगुंग आहे, म्हणजे झालेला व्यवहार तसाच राहतो. त्याने त्या एका शब्दाभोवती पेन्सिलीने केलेला गोल मला अजून आठवतो.

जर्मन कायदा शब्दाला चिकटून बसत नाही हे खरं. बीजीबीचं कलम 133 सांगतं की अक्षरापेक्षा खरा हेतू पाहा. पण तो हेतू दाखवायला कारखान्याला जुने ई-मेल, बैठकीची टिपणं, दोन्ही मसुदे सगळं उकरावं लागलं. सात महिने पत्रव्यवहार चालला आणि शेवटी थोडी रक्कम सोडून तडजोड झाली. जागच्या जागी र्‍युकट्रिट लिहिलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

माझी सवय साधी आहे. जर्मन शब्द शोधण्याआधी मी कलम मराठीत मोठ्याने सांगते आणि समासात पेन्सिलीने लिहिते: ‘पैसे परत’, ‘पुढचं बंद’, ‘मुदत संपली’. त्यानंतरच कोश उघडते. मराठीच का, तर आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेने यातले बरेच फरक आधीच करून ठेवलेत. एक्झिक्यूशन हा शब्द घ्या. खरेदीखत असेल तर आपण दस्त करून देणं म्हणतो, हुकूमनाम्याची अंमलबजावणी असेल तर दरखास्त, आणि माणसाच्या बाबतीत फाशी. जर्मनमध्येही वाटा अशाच फुटतात: उंटरत्साइख्नुंग, फोलश्ट्रेकुंग, हिनरिख्टुंग. चार्जचंही तसंच. सातबाऱ्यावरचा बोजा, फी आणि आरोप यांत आपला गोंधळ होत नाही. मग बेलास्टुंग, गेब्यूर आणि आनक्लागे यांत का व्हावा? पझेशन म्हणजे ताबा, बेझित्स. ओनरशिप म्हणजे मालकी, आयगेनटुम. मराठीतून गेलात तर इथे घसरणार नाही.

दुसरी चूक अपीलची. जर्मनमध्ये दिवाणी निकालावर तथ्य आणि कायदा दोन्ही मुद्द्यांवर दाद मागायची तर बेरूफुंग. त्यानंतर फक्त कायद्याच्या मुद्द्यावर रेव्हिजिओन, तीही कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयात. कौटुंबिक प्रकरणात मात्र बेश्वेर्दे, कारण सप्टेंबर 2009 पासून जर्मनीत घटस्फोटाचा निकालही उर्टाइल (न्यायनिर्णय) नसून बेश्लुस (आदेश) असतो. आणि इथे आपल्या लोकांचा पाय हमखास घसरतो तो रिव्हिजनवर. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 115 म्हणजे उच्च न्यायालयातलं पुनरीक्षण. खालच्या कोर्टाने अधिकारक्षेत्र ओलांडलं का, असलेलं वापरलंच नाही का, किंवा ते वापरताना बेकायदा वा ठळक अनियमितपणे वागलं का, एवढंच तिथे पाहतात. त्याला रेव्हिजिओन लिहिलं की जर्मन वाचक ते सरळ कार्ल्सरूहच्या मापाने मोजतो. मी तिथे रेख्त्समिटल, म्हणजे निकालाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग, हा व्यापक शब्द घेते, पुढे ‘भारतीय कलम 115 प्रमाणे’ जोडते आणि तळटीप देते. तळटीप लांबली तर लांबू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात. करारातलं प्रोव्हिजन म्हणजे तरतूद, बेश्टिमुंग. ताळेबंदात तेच येणाऱ्या देण्यांची तजवीज, म्हणजे र्‍युकश्टेलुंग होतं. जर्मनमधलं प्रोव्हिजिओन म्हणजे दलाली, त्याला हात लावू नका. कन्सिडरेशन म्हणजे मोबदला, गेगेनलाइस्टुंग. ‘विचारात घेणं’ हा अर्थ वेगळा. आणि जर्मन कायद्यात करार बांधायला मोबदल्याची अट नाही, त्यामुळे त्या ओळीचं तिथे काय काम आहे हे ग्राहकाला विचारा. इमिजिएटलीला झोफोर्ट, म्हणजे ताबडतोब, लिहिण्याआधी उनफेरत्स्युगलिश आठवा: बीजीबीचं कलम 121 त्याचा अर्थ ‘आपल्या दोषाने उशीर न करता’ असा देतं, आणि बहुतेक वेळा तेच अभिप्रेत असतं. नोकरीच्या करारात ‘लेखी नोटीस’ दिसली की थांबा. तिथली क्युंडिगुंग बीजीबीच्या कलम 623 प्रमाणे कागदावर सहीनेच द्यावी लागते, ई-मेल चालत नाही.

आता घाई करणाऱ्यांसाठी. सगळीकडे एकच शब्द बसवणारी ‘रिप्लेस ऑल’ची कळ कायद्याच्या कागदावर मी वापरत नाही आणि माझ्या हाताखालच्या कुणाला वापरू देत नाही. मशीनने केलेल्या भाषांतराचा मसुदा घेणाऱ्यांनाही माझी अट आहे: प्रत्येक कलमाचा समास तुमच्या हाताने भरलेला हवा. जर्मन न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बीजीबी जर्मनमध्ये आहे आणि त्याचं इंग्रजी भाषांतरही आहे, तेही फुकट. दोन्ही शेजारी ठेवून रोज एक कलम वाचा. मी नव्या मुलांना यावर सहा महिने बसवते. निम्मी पहिल्याच महिन्यात कंटाळून जातात, आणि त्यांना मी थांबवत नाही.

करार हातात आला की मी आधी शेवटच्या पानांवर जाते आणि लागू कायदा कोणता ते पाहते. कायदा भारतीय किंवा इंग्लंडचा असेल आणि जर्मन मजकूर फक्त वाचण्यापुरता असेल, तर र्‍युकट्रिटसारखा कलमात जखडलेला शब्द मी टाळते आणि फरट्राग्सबेएन्डिगुंग, म्हणजे नुसतं ‘करार संपणं’, असं लिहिते. कायदा जर्मन असेल तर पेन्सिल काढते आणि प्रत्येक टर्मिनेशनपाशी थांबते.