बॅकअपची ड्राइव्ह: घेण्याआधी, घेतल्यावर आणि उघडून बघेपर्यंत

पुन्हा ड्राइव्ह घ्यायची आहे, म्हणून ही यादी लिहून काढतेय. मागच्या वेळी यादी नव्हती. सेलमध्ये २ टीबीची एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) नेहमीच्या भावाच्या पाव किमतीत दिसली, मागवली, नाशिकला पंचवटीतल्या घरी आली. जोडल्यावर कॉम्प्युटरनेही २ टीबीच दाखवली. दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिच्यात सगळं कॉपी करत गेले. फोल्डर दिसायचे, फाइलींची नावं दिसायची, मी ड्रॉवर बंद करायचे. लॅपटॉप गेला त्या दिवशी पहिल्यांदा त्या ड्राइव्हमधली फाइल उघडायला घेतली. सुरुवातीला भरलेली विजेची बिलं उघडली. त्यापुढच्या फाइलींची नावं होती, आत काही नव्हतं. २०१५ च्या सिंहस्थात आईला रामकुंडावर नेलं होतं ते फोटो गेले. निफाडच्या आत्याच्या ३१ ओव्या मोबाइलवर एकेक करून रेकॉर्ड केल्या होत्या, त्याही गेल्या. आत्या आता नाही. त्यातल्या चार ओव्या भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या, तेवढ्या वाचल्या.

दोन वर्षांत एकदाही मी त्या ड्राइव्हमधली एक फाइल उघडून पाहिली नाही. बाकी यादी वरवर वाचलीत तरी चालेल. उघडून बघणं सोडू नका.

आधी काम ठरवा. रोजच्या फाइली नेण्या-आणण्याची ड्राइव्ह वेगळी आणि बॅकअपची वेगळी. एकीवर दोन्ही कामं भागवायची नाहीत, यावर मी अडून बसणार आहे. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आसपास झेरॉक्सची दुकानं आहेत, तिथे दिवसभरात कितीतरी लोकांचे पेनड्राइव्ह एकाच कॉम्प्युटरला लागतात. तिथून घरी आलात की फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. प्रिंटसाठी एक छोटा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त त्या दिवशीची पीडीएफ टाका, घरी आल्यावर तो फॉरमॅट करा. बॅकअपची ड्राइव्ह त्या दुकानाची पायरी चढता कामा नये. आणि पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. बहुतेकांत स्वस्तातली मेमरी असते, शिवाय तो हरवतो.

किती जागा लागेल ते अंदाजाने ठरवू नका. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं या फोल्डरांवर राइट क्लिक करून आकडा बघा, बेरीज करा, दुप्पट करा. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. खरी फसवणूक कशी असते ते खाली सांगते.

हार्ड डिस्क की एसएसडी? पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुई अधांतरी सरकत असते. चालू असताना टेबलावरून पडली तर बहुधा संपलीच. वेग सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी. एसएसडीत फिरणारं काही नाही, वेग त्याच्या चौपट ते दहापट, आणि ती पडण्याला बरीच सोसते. पण ‘एसएसडी कपाटात टाकली की कायमची’ हे खोटं आहे. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेचं मानक साध्या ग्राहकी एसएसडीकडून इतकंच मागतं, की लिहिण्याचं पूर्ण आयुष्य वापरून झाल्यावरही ३० अंशांत वीज नसताना तिने एक वर्ष माहिती सांभाळावी. नवी ड्राइव्ह याहून खूप जास्त टिकते, पण उष्णता वाढली की झिरपणंही वाढतं, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. माझा निर्णय असा: पिशवीतून हिंडणारी ती एसएसडी, कपाटात बसणारी ती हार्ड डिस्क. एसएसडीच कपाटात ठेवणार असाल तर दर दोन-तीन महिन्यांनी तासभर जोडा. जोडलीच आहे तर चार फाइली उघडून बघा. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन्हींपैकी काहीच ठेवू नका.

खरेदी. एमजी रोडवर घ्या, कॉलेज रोडला घ्या, नाहीतर ऑनलाइन घ्या, पण विक्रेता कोण आहे ते वाचा. ऑनलाइन पानावर कंपनीचं नाव मोठं असतं आणि विकणारा भलताच असतो. जीएसटीचं पक्कं बिल हवंच, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्यावर तो कंपनीच्या साइटवर वॉरंटीच्या रकान्यात टाकून बघा. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हना तीन वर्षांची वॉरंटी असते. ड्राइव्ह बिघडली तर वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते. फोटो मिळत नाहीत. दुकानदार ‘वॉरंटी आहे ना’ म्हणाला की हे आठवा. सीगेट, डब्ल्यूडी, तोशिबा, सॅमसंग यांतलं काय घ्यावं यावर मी वेळ घालवणार नाही. बिघडायचं असेल ते कुठलंही बिघडतं. नाव कधी न ऐकलेली ‘१६ टीबी’ची ड्राइव्ह जेवणाच्या पैशांत मिळत असेल तर मात्र हात लावू नका.

मला मिळाली होती ती अशीच. आत ६४ जीबीची चिप आणि ‘मी २ टीबी आहे’ असं कॉम्प्युटरला सांगणारं फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम. फाइलींच्या नावांचा तक्ता सुरुवातीच्या खऱ्या जागेत लिहिला जातो, म्हणून नावं नीट दिसतात. खरी जागा भरली की पुढचं सगळं कुठेच लिहिलं जात नाही. काही ड्राइव्ह उलट करतात, पहिल्या मजकुरावरच पुढचा लिहितात. कॉपी करताना एरर येत नाही. हिरवी पट्टी पूर्ण भरते.

म्हणून ड्राइव्ह आली की तिच्यात आपलं काही टाकण्याआधी ती पूर्ण भरून तपासायची. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री. दोन्ही ड्राइव्ह शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरतात आणि भरलेलं परत वाचून जुळवतात. २ टीबीच्या हार्ड डिस्कला लिहायला साडेचार-पाच तास आणि वाचायला तेवढेच. रात्री लावा, लॅपटॉप चार्जरला जोडून, झोपेची सेटिंग बंद करून. सकाळी ‘चूक नाही’ असं आलं तर पुढे जा, नाहीतर मुदत संपायच्या आत परत करा. एका रात्रीचं काम आहे. मी ते केलं नाही.

केबल आणि पोर्ट. ५ जीबीपीएसच्या (सेकंदाला ५ गिगाबिट) एकाच पोर्टाला यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ अशी तीन नावं आहेत, गोंधळू नका. मोबाइल चार्जरसोबतची टाइप-सी केबल बऱ्याचदा यूएसबी २.० ची असते आणि तिच्यावर नवी कोरी एसएसडीही सेकंदाला ३०-४० एमबीवर रांगते. ड्राइव्हसोबत आलेलीच केबल वापरा.

फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यात लिहीत नाही. एफएटी३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सफॅट असेल तर इजेक्ट न करता ओढून काढू नका, मध्येच तुटलेलं लिखाण सावरायची सोय त्यात नाही.

भरताना कट नाही, कॉपी. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. लॅपटॉपमध्ये जागा व्हावी म्हणून फोटो ड्राइव्हवर हलवलेत की ती एकुलती एक प्रत झाली. कितीतरी घरांत ‘बॅकअप आहे’ म्हणतात तो हाच प्रकार असतो.

मराठीत जुनं टाइप केलेलं काही असेल तर आणखी एक. युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसला की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतात. वडिलांच्या आठवणींची १८० पानं माझ्याकडे अशीच आहेत. फाइलसोबत फॉन्ट कॉपी करा, आणि पीडीएफ करून तीही शेजारी ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आतच बसतो. फाइल शाबूत असूनही वाचता न येणं काय असतं, ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तर उघडून बघणं. कॉपी संपल्या संपल्या तिथेच फाइल उघडली तर ती तपासणी नव्हे. नुकतीच कॉपी झालेली फाइल कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतूनही उघडू शकते, ड्राइव्हपर्यंत जायची गरजच पडत नाही. ड्राइव्ह इजेक्ट करा, काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. शेजाऱ्यांचा, भावाचा, ऑफिसचा, कुठलाही विश्वासाचा. दहा फाइली निवडा: सर्वांत जुनी, सर्वांत नवी, सर्वांत मोठी, सर्वांत आतल्या फोल्डरातली, बाकीच्या डोळे मिटून. जुनी आणि नवी दोन्ही हव्यात, कारण नकली ड्राइव्ह कुठलं टोक खाईल सांगता येत नाही. फोटो मोठा करून खालच्या कडेपर्यंत बघा, अर्धवट फोटो खाली राखाडी होतो. व्हिडिओ सुरुवातीला नको, मधे आणि शेवटी चालवा. रेकॉर्डिंग कानाला लावून ऐका. यादीतली नावं दिसली म्हणून पुढे जाऊ नका. नावं मलाही दिसत होती, चोवीस महिने.

दुसरी प्रत दुसऱ्या घरी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याला हे समजायला लांब जायला नको. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारापर्यंत पाणी आलं. नदीकाठच्या घरात एकाच कपाटात दोन ड्राइव्ह ठेवल्या तर पाण्याच्या लेखी ती एकच. माझी दुसरी प्रत आता निफाडला भावाकडे असते, तीन महिन्यांनी अदलाबदल. गुगलचे १५ जीबी फुकट मिळतात, त्यात कागदपत्रं ठेवा. सगळे फोटो त्यात मावणार नाहीत.

बाहेर जाणाऱ्या ड्राइव्हला पासवर्ड हवा, आधारचे स्कॅन आणि सातबारे असतात. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, नसेल तर व्हेराक्रिप्ट. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा, तो कागद ड्राइव्हच्या पाकिटात ठेवू नका. कुलूप लावल्यानंतर पुन्हा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

काम झालं की ड्राइव्ह काढून ठेवा. जोडलेली असेल तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप घालतं.

ड्राइव्हची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम वर्षातून दोनदा चालवा. पिवळं दिसलं तर त्याच आठवड्यात नवी ड्राइव्ह. तारीख लक्षात राहत नसेल तर ३१ मार्च धरा, तो जागतिक बॅकअप दिनही आहे आणि हिशेबाचे कागद तेव्हा हाताशी असतातच.

लेबल लावा: काय आहे, कधी भरलं, शेवटचं कधी उघडून पाहिलं. तिसरी तारीख सोडू नका.

या रविवारी निफाडला जाताना ड्राइव्हसोबत तिची केबलही पिशवीत टाकायची आहे. भावाकडे त्या पिनेची नाही, आणि केबल नसली की ‘पुढच्या वेळी बघू’ होतं.