छपाईला देण्यापूर्वी: चित्रे आणि फॉन्ट यांच्या परवान्यांची तयारी

डिझाइनचे काम स्वीकारले की त्या कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर उघडावे आणि वापरावयाच्या प्रत्येक छायाचित्राचा, चित्राचा व फॉन्टचा उगम, डाउनलोड केल्याची तारीख, परवान्याचा मजकूर आणि पैसे भरले असल्यास त्याची पावती त्यात ठेवावी. संकेतस्थळांवरील अटी बदलत असल्याने नुसती लिंक पुरत नाही. त्या दिवशीचे अटींचे पान पीडीएफ करून घ्यावे. गूगलवर सापडलेल्या चित्राचा मूळ कर्ता कळत नसेल, तर ते कितीही चपखल असले तरी वगळावे.

द्राक्ष निर्यातदाराच्या पेटीसाठी निफाड किंवा दिंडोरीच्या बागेतले छायाचित्र लागणार असेल, तर ते मुद्दाम काढून घ्यायचे की छायाचित्रकाराकडे आधीपासून असलेले घ्यायचे, हे प्रथम ठरवावे. कॉपीराइट अधिनियम, 1957 नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो; आधीच काढलेल्या छायाचित्राचे हक्क मात्र सामान्यतः छायाचित्रकाराकडेच राहतात आणि त्यासाठी त्याचा लेखी परवाना लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच समजला जातो. नाशिकची पेटी युरोपात जाते, तेव्हा ज्या देशांत माल जाणार ते देश आणि मुदत दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावे. माझ्या मते संपूर्ण तयारीतील सर्वांत महत्त्वाच्या ओळी याच आहेत. लोगोला छायाचित्राचा हा नियम लागू नाही, म्हणून बाहेरच्या चित्रकाराकडून लोगो करून घेतल्यास हक्कांचे हस्तांतरण वेगळे लिहून घ्यावे.

2027 च्या सिंहस्थासाठी लॉज आणि ट्रॅव्हल्सवाल्यांची कामे येतील. रामकुंडावरील साधूंची किंवा भाविकांची ओळखू येणारी छायाचित्रे जाहिरातीत घेण्यापूर्वी त्या व्यक्तींची लेखी संमती पाहावी; ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ असा शेरा असलेले स्टॉक छायाचित्र (संकेतस्थळांवर परवान्यासह तयार मिळणारे छायाचित्र) जाहिरातीत चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स (कर्त्याने ठरवलेल्या अटींवर विनामूल्य वापर करू देणारे परवाने) यातील ‘अव्यावसायिक’ अट असलेले चित्रही ग्राहकाच्या कामात घेऊ नये, आणि श्रेयाची अट असेल तर कर्त्याच्या नावासाठी मांडणीत आधीच जागा राखावी.

छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र मालाच्या वेष्टनावर मागणारे ग्राहक श्रद्धेनेच मागतात, परंतु बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्यानुसार शासनाच्या परवानगीशिवाय तसा व्यापारी वापर करता येत नाही, हे त्यांना आदराने आणि आरंभीच सांगावे. राजा रविवर्मा 1906 मध्ये निवर्तले आणि कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे त्यांची मूळ चित्रे मुक्त आहेत. आजच्या कलाकाराने त्यांत नवी भर घालून केलेले रूप मात्र मुक्त समजू नये.

फॉन्टबाबत ‘मुक्ता’ (Mukta), ‘हिंद’ (Hind), ‘बालू’ (Baloo) यांसारखे ओपन फॉन्ट लायसन्सखालील देवनागरी फॉन्ट व्यावसायिक कामात विनामूल्य वापरता येतात. मनाई आहे ती निव्वळ फॉन्ट विकण्याला. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना किती संगणकांसाठी आहे आणि त्यात वेबसाइट व ॲप येतात का, हे वाचून घ्यावे. प्रेसला फाइल देताना अक्षरांच्या आऊटलाइन करून (म्हणजे अक्षरे रेखाकृतींत बदलून) द्याव्यात, कारण फॉन्टची फाइल दुसऱ्याला देण्यास बहुतेक परवाने मनाई करतात.

अंतिम बिलासोबत परवान्यांच्या प्रती ग्राहकाला द्याव्यात आणि पुढे मुदत संपणार असलेल्या परवान्यांच्या तारखा बिलावरच लिहाव्यात.