पेनड्राईव्हमधले फोल्डर शॉर्टकट झालेत? फॉरमॅट मारू नका, आधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला आत्येभावाचा फोन, दादा पेनड्राईव्हमधलं सगळं उडालं, उद्या सबमिशन आहे. कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढली, घरी येऊन लॅपटॉपला लावला तर फोल्डर दिसतायत पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो छोटा बाण, आणि साईज २ केबी. म्हटलं रडू नको, ड्राईव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघ, जागा किती भरलीय? म्हणाला ६ जीबी. मग डेटा जागेवरच आहे रे, वर्मने फक्त लपवलाय.

व्हायरसला चिकटायला दुसरी फाईल लागते, वर्म हा स्वतःच अख्खा प्रोग्राम असतो आणि आपल्या कॉप्या काढत सुटतो. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय तर कोणी काही क्लिक न करता विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या भोकातून घुसायचा, त्याचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच आलेला पण कित्येकांनी टाकलाच नव्हता. आपला शॉर्टकटवाला त्यामानाने गरीब, त्याला तुमचा डबल क्लिक लागतो. तुम्ही फोल्डर समजून बाणावर क्लिक करता, तो मागच्या मागे स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालवतो आणि वर खरा फोल्डरही उघडून दाखवतो, मग शंका येणार कुठून.

आता काम. बहुतेक लोक इथेच चुकतात, आधी पेनड्राईव्ह साफ करतात, आणि लॅपटॉपमध्ये वर्म चालूच असतो, मग दोन मिनिटांत शॉर्टकट परत हजर. आधी मशीन, मग पेनड्राईव्ह.

पेनड्राईव्ह काढून ठेवा. डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटीव्हायरस, अपडेट करून घ्या आणि मग वायफाय, लॅनची वायर सगळं बंद. (बाकी नेट चालतंय पण मायक्रोसॉफ्टची आणि अँटीव्हायरसवाल्यांचीच साईट उघडत नाही, असं असेल तर ते पण वर्मचंच लक्षण, २००८ चा कॉनफिकर हेच करायचा.) टास्क मॅनेजर उघडून डब्ल्यूस्क्रिप्ट (wscript) नावाची, स्क्रिप्ट चालवणारी प्रोसेस दिसली तर एंड टास्क. मग स्टार्टअप टॅबमध्ये जा, अगम्य नावाची किंवा टेम्प नाहीतर अ‍ॅपडेटा फोल्डरमधून चालणारी स्क्रिप्ट दिसली तर डिसेबल करा आणि ती फाईल जिथे आहे तिथून उडवा. ओळखीचं काही असेल तर हात लावू नका.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये जाऊन ऑफलाईन स्कॅन. लॅपटॉप रिस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे वर्मला लपायला जागा राहत नाही. साधारण पंधरा मिनिटं, तोवर चहा टाका.

आता पेनड्राईव्ह लावा, उघडू नका, राईट क्लिक करून स्कॅन करा. मग कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाईप करायची काळी खिडकी. भावाला फोनवर सांगितलं तसंच सांगतो: अ‍ॅट्रिब (attrib), स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, मग तुमच्या ड्राईव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार, एंटर. अक्षर नीट बघून टाका, घाईत सी टाकू नका. कर्सर लुकलुकत बसला तरी खिडकी बंद करू नका, ६ जीबीला वेळ लागतो. भावाने दोनदा बंद केली, दोनदा पहिल्यापासून.

खरे फोल्डर दिसले की बाणवाले सगळे आणि सोबतची अनोळखी स्क्रिप्ट फाईल डिलीट. फोल्डर दिसलेच नाहीत तर नाव नसलेला एखादा फोल्डर शोधा, काही वर्म सगळा माल त्यात कोंबतात. भावाचा प्रोजेक्ट तिथेच निघाला, रात्री पावणेबाराला.

ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह असतील तर मेल आणि बँकेचे दुसऱ्या साफ मशीनवरून बदलून टाका. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला सांगायला गेलो तर म्हणे अँटीव्हायरस टाकला की पीसी स्लो होतो. तेव्हापासून भाऊ तिथे पीडीएफ मेल करतो, पेनड्राईव्ह खिशातून काढत नाही.