किटाची तारीख आणि आजीचे ९० दिवस

जर्मनीत मास्टर्सला निघालेल्या आणि लहान मूल असलेल्या मुली हल्ली रविवारी आमच्या सोलापूरच्या होटगी रोडवरच्या घरी येतात. सोबत आई नाहीतर सासू असतेच. ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), एपीएस (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला), विमा हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतं, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. "किटाचं पत्र आलं की झालंच की ओ ताई" असं कुणी म्हणालं, की मात्र मी चहा खाली ठेवते.

झालं काही नसतं. किटा म्हणजे तिथलं पाळणाघर. वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला तिथे जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. हक्क पक्का, जागा मात्र रांगेत. मूल तिकडेच होणार असेल तर पोटात असतानाच नाव घाला. बर्लिन आणि हॅम्बुर्गला आधी गुटशाइन, म्हणजे किटाच्या जागेचं सरकारी व्हाउचर, काढावं लागतं. विद्यार्थी सेवा संस्थेच्या, म्हणजे श्टुडीरेंडनवेर्कच्या किटा वेगळ्या, तिथेही अर्ज टाका. टागेसमुटर हाही मार्ग आहे: परवाना असलेली बाई एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते. अगदी तान्ह्या बाळासाठी मला तीच जास्त पटते, पण हे माझं मत.

आता खरा खड्डा. करारावर तारीख असते, समजा १ सप्टेंबर. हिवाळी सत्राची लेक्चर्स सुरू होतात ऑक्टोबरच्या मध्याला. मधला दीड महिना मोकळा, त्यात भाषेचा क्लास करू, थोडं वाचू, असा हिशोब जो तो मांडतो. तो दीड महिना तुमचा नाही. तो आइनगेव्योनुंगचा आहे, म्हणजे मूल रुळवण्याचा. बऱ्याच किटा ज्याला बर्लिन मॉडेल म्हणतात ती पद्धत पाळतात. पहिले तीन दिवस तुम्ही आणि मूल मिळून तासभर त्या खोलीत बसायचं. तुम्ही कोपऱ्यात. मूल आलं तर जवळ घ्यायचं, पण आपण होऊन बोलवायचं नाही आणि "जा खेळ" म्हणून ढकलायचंही नाही. दुसऱ्या मुलांशी खेळायचं नाही. मोबाइल नाही, पुस्तक नाही, लॅपटॉप तर नाहीच. चौथ्या दिवशी पहिल्यांदा दाराबाहेर जायचं, काही मिनिटं. मूल शांत राहिलं तरी फार तर अर्धा तास. रडलं आणि बाईंकडे शांत झालं नाही, तर तुम्हाला आत बोलावतात आणि पुढचे काही दिवस ताटातूट बंद. चौथा दिवस सोमवारी आला तर ती मंगळवारी करतात, कारण शनिवार-रविवार आईला चिकटून काढलेलं असतं. मग तास, दोन तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत.

कागदावर हे दोन-तीन आठवड्यांत संपतं. पण सगळी नवी मुलं एकदम घेत नाहीत, पाळीपाळीने घेतात, त्यामुळे १ सप्टेंबरच्या करारावर तुमची पाळी २० तारखेलाही येऊ शकते. ज्या बाईंशी मूल जुळवायचं त्याच आजारी पडल्या तर सगळं थांबतं. आणि रोज तोच माणूस लागतो. आज आई, उद्या बाबा, परवा आजी असं केलंत तर मूल गोंधळतं आणि किटावाले चिडतात. म्हणून करार हातात येताच लेखी विचारा: आमच्या मुलाचा पहिला दिवस कोणता, आणि जेवून-झोपून घरी येईपर्यंत तुमच्याकडे साधारण किती आठवडे जातात? जे सांगतील त्यात महिना मिळवा आणि तोवरचं एकही प्रॅक्टिकल, एकही सेमिनार सकाळी घेऊ नका.

आपल्याकडे बालवाडीच्या दारात रडतं मूल बाईंच्या हातात देतात आणि मागे न बघता निघतात. त्यामानाने ही नाटकं वाटतील. मला अजूनही अर्धी वाटतात. पण एकदा रुळलेलं मूल सकाळी हात सोडून आत पळतं, हेही खरं.

त्यानंतर आजारपणं. पहिला हिवाळा नाक कोरडं म्हणून राहत नाही. ताप उतरून निदान २४ तास, उलट्या-जुलाब थांबून ४८ तास झाल्याशिवाय बहुतेक किटा मूल आत घेत नाहीत. सरकारी विमा असलेल्या नोकरदार आईबापांना मुलाच्या आजारपणाची रजा मिळते. नुसत्या विद्यार्थ्याला काय मिळतं? डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ते मात्र सोन्याचं समजा. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात आणि न कळवता परीक्षा चुकली तर एक संधी गेली. मूल तापलं की त्याच दिवशी प्रमाणपत्र घ्या आणि परीक्षा कार्यालयाला कळवा. "सरांशी बोलले आहे" याला तिथे काडीची किंमत नाही.

यामुळेच आजीचा मुद्दा मी एवढा लावून धरते. आजीला शेंगेन व्हिसा मिळतो तो कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. आपल्या घरांत हे दिवस बाळंतपणावर, नाहीतर नवं घर लावण्यावर खर्च होतात. सोलापूरला हे बोलले की बायका माझ्याकडे अशा बघतात जशी मी आईलाच नको म्हणतेय. पण जर्मनीत बाळंतिणीकडे सरकारी विम्याच्या खर्चाने सुईण घरी येते, १२ आठवड्यांपर्यंत. तापलेल्या वर्षाच्या पोरासाठी कुणी येत नाही. म्हणून आजीला ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणा. रुळवण्याला तुम्ही जा, आजी घरी. लेक्चर्स सुरू झाली आणि मूल आजारी पडलं की आजी पुढे. किटातून मूल न्यायला येणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आधीच घाला. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पुण्या-मुंबईच्या चकरा धरून वेळ ठेवा.

अभ्यासाचं थोडक्यात. सत्राला ३० क्रेडिट्स आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास, म्हणजे ७५० ते ९०० तास. किटाच्या पहिल्या सत्रात निम्मे विषय घ्या. मुलासाठी उरलाउप्सझेमेस्टर, म्हणजे सुट्टीचं सत्र मिळतं आणि काही ठिकाणी त्यात परीक्षाही देता येते, पण तुमच्या रेसिडेन्स परमिटवर काय परिणाम होतो ते परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. सल्ला विद्यापीठाच्या कुटुंब कक्षातल्या बाईंना विचारा. ज्या सीनियरला पोर नाही त्याचं "सगळं मॅनेज होतं गं" ऐकून हसा आणि सोडून द्या. एजंटला तर किटा हा शब्दही माहीत नसतो.

आणि घरचे फोन. "अजून चालत नाही? शेजारची तर दहाव्या महिन्यात चालली." जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांवर केलेल्या पाहणीत स्वतंत्र चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने निघाला, आणि सुमारे ४ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. हे आजीला छापून द्या. दीड वर्षापर्यंत चाललं नाही, किंवा येत असलेली गोष्ट मूल विसरायला लागलं, तर मात्र फोनवरची चर्चा थांबवून डॉक्टर गाठा.

बोलण्याचंही तसंच. यू-७ या तिथल्या मुलांच्या ठरलेल्या तपासणीत, २१ ते २४ महिन्यांना, डॉक्टर मुलाला किती शब्द येतात ते विचारतात. तेव्हा मराठी, कन्नड, जर्मन सगळे मिळून सांगा. दोन भाषांमुळे मूल बोलायचं राहतं, हे खरं नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत हिंदी बोलत मोठी होतात, त्यांची कुणाला काळजी वाटलीय का? कुठल्याच भाषेत शब्द येत नसतील तर कान तपासा. पहिलं पाऊल किटात पडलं तर पडू दे. घरी तुमच्यासमोर पडेल तेही पहिलंच.

बोरनहाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, पण तेव्हाच परीक्षा डोक्यावर असतात आणि बोरं मिळत नाहीत. चुरमुरे, मनुका, चॉकलेटं टाका आणि तासाभरात उरका.

"मूल सोलापूरलाच ठेवून जा" हा सल्ला हमखास येतो. तसं करणाऱ्या आयांना नावं ठेवू नका. ज्याचं त्याला माहीत. पण किटाच्या रांगेला कंटाळून तसं करणार असाल, तर आधी टागेसमुटर बघून घ्या.

राहिली लस. १ मार्च २०२० पासूनच्या कायद्याने गोवराच्या लसीची नोंद दाखवल्याशिवाय किटात घेत नाहीत: वर्ष झालेल्याला एक डोस, दोन वर्षांच्याला दोन. आपल्याकडे पहिला डोस ९ महिने झाल्यावर देतात, तिथे ११ महिन्यांपासून. त्यामुळे तिथले डॉक्टर तो धरतात का आणि पुढचा कधी, हे पोहोचल्यावर पहिल्याच भेटीत विचारा. लसीच्या कार्डावर तारखा, लसीचं नाव आणि शिक्का स्पष्ट हवा. दवाखान्याकडून इंग्रजीत लिहून घ्या, आणि कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.